राब

रात्री अडीचला तीन नंबरच्या टाकीचा नमुना काढला.
सामू सात, तापमान सदतीस, हवा व्यवस्थित.
काचेवरच्या एका थेंबात तोबा गर्दी,
एकाचे दोन, दोनाचे चार.
आणि एन्झाइम?
(शाळेत त्याला विकर म्हणायचे, वाक्यात उपयोग करा.)
एन्झाइम जवळजवळ नाही.

केणीकाका जिन्यावरून वाकून बघत होते.
"टाकी त मस्त भरलीय, बाय.
मंग माल का नाय?"

कसं सांगू.
या जिवाणूंच्या वहीत आम्ही एक ओळ घुसवली होती.
खाडीकाठच्या बंद मिठागरातल्या चिखलात
कुणी अनाम जीव सापडला,
थंड, खाऱ्या पाण्यातही रक्ताचा डाग सोडवणारा.
त्याची ती कृती उचलली आणि यांच्यात शिवली.
दुधात मिठाचा खडा पडला की नासतं म्हणतात.
आम्ही तो खडा मुद्दाम टाकला
आणि नासण्याचा भाव ठरवला, किलोमागे.

ओळ वाचायला साखर लागते, श्वास लागतो.
वाचून जे बनतं ते बाहेर टाकायचं,
रबाळ्याहून पिंपात भरून कुठल्याशा धुण्याच्या पावडरीत.
जिवाणू कपडे घालत नाहीत.
त्यांना त्याचं काय.

मग कधीतरी, दुभंगताना,
वाटणीत एका लेकीच्या वाट्याला ती ओळ येतच नाही.
विसरली म्हणा, टाकली म्हणा,
सूक्ष्मदर्शकातून हेतू दिसत नाही.
ती लेक हलकी.
बहिणी राबत असतात तेव्हा ती नुसती वाढते.
तीस पिढ्या, म्हणजे आमचा दीड दिवस,
आणि टाकी तिच्या वंशाची.
सगळे निरोगी. सगळे बिनकामाचे.

मी गोठिवलीची.
महाप्याला मुलाखत होती त्या दिवशी
"नाय", "कंचा", "बाय" गेटवरच्या रजिस्टरपाशी ठेवले,
पर्ससारखे, परत घेईन म्हणून.
आत शुद्ध बोलले. साहेब मान डोलावत राहिले.
दोन वर्षांत शिफ्ट इन्चार्ज.
आई फोनवर विचारते, "जेवलीस का गो?"
मी म्हणते, "हो, जेवण झालं."
जणू बँकेतून बोलतेय.

"भाजायची का?" काकांनी विचारलं.
म्हणजे वाफ सोडायची का.
इथे कुणी स्टरिलाइज म्हणत नाही त्यांच्यासमोर.
त्यांचं शेत दिघ्याला होतं, आता तिथे टायरचं गोदाम.
दर उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून
रोपाची जागा जाळून काढायचे,
तण मरावं, किडा मरावा, मगच भात.
"राब भाजल्याबिगर पेरनी नाय."
बारा वर्षं ते टाकीला हेच सांगतात
आणि टाकी ऐकते.

एकशे एकवीस अंश, अर्धा तास.
पाइप ठोकू लागले.
शिळ्या वरणासारखा वास जिना चढून वर आला.
ज्यांनी ओळ जपली असे थोडे
आतमध्ये होतेच अजून,
त्यांच्यासाठी वेगळी झडप नसते.

उणे ऐंशीच्या फ्रीजमधून मी नवी कुपी काढली.
मूळ विरजण.
त्यात ओळ शाबूत आहे, अक्षर न् अक्षर,
गोठलेली असताना कुणी वाचत नाही म्हणून.
बोटांना चिकटली. सोडवली.

लॉगबुकात कारणाच्या रकान्यात लिहिलं:
स्ट्रेन अस्थिर. बॅच रद्द. नुकसान अंदाजे इतकं.
"काय लिवलंस?"
मी वाचून दाखवलं.
ते गप्प. कान चोळला.
मग मी म्हटलं, थांबा, तुमच्या भाषेत सांगते,
आपल्या,
आणि पहिल्याच शब्दाला अडखळले.

काकांनी घाई केली नाही.
एक हात झडपेवर,
माझ्या तोंडाकडे बघत,
उकळी ओळखायला बघतात तसे.